डाव्या खिडकीखालची रेघ

आत्याच्या हातात जे कसब होतं ते शहरात दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हतं, आणि हे आत्या स्वतःच सगळ्यांना सांगायची. दातांच्या लॅबमध्ये तिचं आयुष्य गेलं होतं. डॉक्टर रुग्णाच्या दातांचं माप पाठवायचे आणि त्यावरून आत्या कॅप नाहीतर कवळी घडवायची. ती अशी घडवायची, की खरा दात कुठला आणि आत्याचा कुठला, हे नवऱ्याच्या तोंडात डोकावून बायकोलाही सांगता येत नसे. डॉक्टर मंडळीसुद्धा तिला आत्याच म्हणायची. खरी भाची मात्र एकच, तिच्या भावाची मुलगी. तिला आत्याने हाताला धरून काम शिकवलं होतं आणि आता लॅब दोघींची होती. भाचीची प्रत्येक कॅप आत्या तपासायची. आत्याची कॅप कुणी तपासायची नाही, हे न बोलता ठरलेलं होतं.

मग आत्या बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, बाह्या सरसावून ती पुन्हा कामाला हजर झाली. आल्या आल्या केलेली पहिलीच कॅप डॉक्टरांकडून परत आली. हिरडीपाशी आखूड पडली होती.

"मापच चुकीचं घेतलंय त्यांनी," आत्याने जाहीर करून टाकलं.

भाचीने ते माप भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिलं आणि फळीवर ठेवून दिलं. पण त्यानंतर आत्याच्या टेबलावर नुसती साचे ओतायची कामं यायला लागली. म्हणजे काल लागलेल्या शिकाऊ पोरीचं काम!

"आत्या, थोडा आराम कर ना," भाची म्हणाली.

"आराम मेल्यावर करायचाच आहे. सरळ सांग ना, माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही तुला."

भाचीने आणखी दोन साचे तिच्यापुढे सरकवले, आणि त्याचा अर्थ न कळायला आत्या काही दूधखुळी नव्हती. तिला ते फार लागलं. ते टेबल गेलं तर सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न तिला जन्मात पहिल्यांदा पडला.

दुसऱ्या दिवशी ती एक खोका घेऊन आली आणि तिने तो टेबलावर आदळला. खोक्यात जुन्या जमान्यातली एक स्पोर्ट्स कार होती. लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची, आणि अर्थातच सगळी सुट्या प्लास्टिकच्या भागांत. आत्याच्या भावाने ती कधीतरी हौसेने आणली होती. तांदळाच्या दाण्याएवढे आरसे बघूनच त्याचा धीर सुटला आणि खोका कपाटात धूळ खात पडला.

"ही मी जोडते," आत्या म्हणाली. "झाली की तू भिंग घेऊन बस. माझ्या हाताची एक चूक काढून दाखव, पुन्हा या टेबलाला शिवणार नाही."

"अगं, कशाला पण?"

"ठरलं म्हणजे ठरलं."

साचे ओतून झाले की आत्या गाडीला बसायची. मेण कोरायच्या सुरीने तिने एकेक भाग चौकटीतून अलगद सोडवला, कडा घासून गुळगुळीत केल्या. पुढच्या जाळीला ती जबडा म्हणायची आणि तिची एकेक पट्टी दात घासावा तशी साफ करायची. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने काच धुरकटते, हे तिने एका टाकाऊ तुकड्यावर आधीच करून पाहिलं आणि काचेला साधा पांढरा गोंद लावला. लाल रंगाचे पातळ हात एकावर एक बसले. मग कवळीला चकाकी आणायची पूड तिने बॉनेटवर अशी फिरवली, की खोलीतला पंखा त्यात दिसायला लागला. भाऊ येऊन बघून गेला आणि म्हणाला, "ताई, माझ्या खऱ्या गाडीलाही एकदा हात लाव."

शेवटी खिडक्यांखालची चंदेरी रेघ राहिली. कागदी पट्टी चिकटवून रंगवायला खोक्यावर सांगितलं होतं. आत्याने ते वाचलं आणि हसून बाजूला ठेवलं. उजवी रेघ तिने एका दमात ओढली. डावीच्या मागच्या टोकाशी मात्र मनगट हललं आणि ब्रश केसभर खाली उतरला.

केसभरच. पुसून पुन्हा ओढणं म्हणजे ओल्या कापसाचं दोन मिनिटांचं काम होतं. पण पुसायची तर आधी तिला चूक म्हणावं लागलं असतं. आत्याने गाडी फिरवून उजवी बाजू समोर ठेवली आणि भाचीला हाक मारली.

भाचीने दिवा ओढला, भिंग घेतलं आणि डोळ्यांत तेल घालून बघायला लागली.

"उजवा दिवा पिवळट आहे."

"मुद्दाम. दोन दिवे सारखे म्हातारे होत नाहीत."

"सीटची कड झिजलेली दिसते."

"बसणारा तिथूनच आत सरकणार ना? तुला काय शिकवलंय मी? सगळे दात एकसारखे पांढरेशुभ्र दिसले की लोक कवळी ओळखतात. गाडीचंही तेच. कोरी करकरीत ठेवली असती तर खेळणं दिसलं असतं."

भाची खुदकन हसली. धुराच्या नळीच्या तोंडाची काजळी, स्टीअरिंगवर हात लागून उडालेला रंग, सगळं तिला पटत गेलं. आत्या खुर्चीत रेलून बसली. टेबल परत मिळाल्यात जमा होतं.

भाचीने गाडी फिरवली.

"आणि डाव्या खिडकीखालची ही रेघ? हीही मुद्दामच, ना? हात टेकून टेकून बिघडलेली दाखवली आहेस."

नुसतं हो म्हणायचं होतं. ते 'हो' आत्याच्या ओठांवर आलंही. मग तिची नजर फळीवर गेली. परत आलेल्या त्या कॅपचं माप अजून तिथेच होतं.

"नाही," आत्या म्हणाली. "तिथे हात हलला माझा."

भाचीने भिंग खाली ठेवलं.

"आणि ती कॅप?"

"मापात काही चूक नव्हती. आखूड मीच केली." आत्या उठली आणि आपल्या सुऱ्या गोळा करायला लागली. "पैज हरले मी. साचे ओतायला शिकाऊ पोरगी बघ."

"बस खाली," भाची म्हणाली. "रेघ हात टेकून झिजते गं, खाली उतरत नाही. मला दिसलं होतं, म्हणूनच विचारलं. आणि हात काय, माझाही हलतो. तू सांगणार नाहीस, याची भीती होती मला. हललेला हात मी तपासून घेईन. लपवलेला कसा तपासू?"

आत्या खाली बसली आणि तिने सुऱ्या पुन्हा टेबलावर मांडल्या.

भाचीने फळीवरचं माप उतरवून तिच्यापुढे ठेवलं. "ज्यांचं हे माप, त्या बाई अजून तात्पुरत्या कॅपवर दिवस काढताहेत."

"आधी हे," आत्या म्हणाली. तिने कापूस ओला करून डावी रेघ पुसली, करंगळी टेबलावर घट्ट रोवली आणि भाचीच्या डोळ्यांदेखत टोकापासून टोकापर्यंत नवी रेघ ओढली. मग गाडी सरकवून तिने माप जवळ घेतलं, मेणाची सुरी उचलली आणि भिंग भाचीच्या हातात दिलं.

"जाऊ नकोस कुठे," ती म्हणाली. "झालं की तपास. आणि नीट तपास."