सिदेरिसच्या हातातला दोर

भिऊ नका मित्रांनो, जवळ या. कॉफीच्या दुकानामागे वेटोळं घालून पडलंय ते जनावर नव्हे. मी एक जुना दोर आहे. 'एव्दोकिया' नावाच्या बोटीला या आर्मिरो बेटाच्या धक्क्याशी बांधून ठेवणं, हे माझं जन्मभराचं काम. आता माझ्यावर मांजरं झोपतात, आणि खरं सांगू का, त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

ग्रीसच्या पिरेयस बंदराजवळच्या एका कारखान्यात मला वळलं. आठ पेड, पांढरेशुभ्र, मध्ये एक निळा धागा. एका टोकाला माणूस सहज आत जाईल एवढा मोठा फास. 'एव्दोकिया'च्या मालकांची, वार्दालास कंपनीची माणसं मला न्यायला आली तेव्हा एकाने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "हा बैल आहे बैल!" त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली.

वार्दालास कंपनी माणसंही न्यायची आणि मालही. मोठ्या बेटांवर पांढऱ्याशुभ्र, ऐटबाज बोटी जातात. आम्ही मात्र ज्या बेटांवर कुणी जात नाही तिथे जाणारे. सिमेंट, गॅसच्या टाक्या, शेळ्या, औषधं, शाळेच्या बाई, एकदा तर नवरीचा पलंग, सगळं आमच्याच पोटातून जायचं. आर्मिरोला पोचलं की बोट नांगर टाकून पाठमोरी धक्क्याकडे सरकायची. खलाशी आधी एक बारीक दोरी भिरकावायचे. तिच्या शेवटाला मी बांधलेला. धक्क्यावरचा माणूस दोरी ओढत ओढत मला पाण्यातून वर काढायचा आणि माझा फास लोखंडी खुंट्यावर अडकवायचा. मग बोटीवरचा रहाट मला गुंडाळत फिरायचा, बोट धक्क्याला टेकायची, मागचा दरवाजा धाडकन खाली पडायचा आणि सगळं गाव त्यावर तुटून पडायचं.

तो धक्क्यावरचा माणूस म्हणजे सिदेरिस.

काळा-सावळा, बुटका, मानेला जाडजूड. त्याच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती, ती काही केल्या मिटायची नाही. फास खुंट्यावर बसला की तो बुटाच्या टाचेने त्यावर दोनदा ठोकायचा, ठक ठक. पाऊस असो, वादळ असो, ती टाच चुकली नाही.

"काय रे सिदेरिस, अजून जिवंत?" आमचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, दियामांतिस वरून ओरडायचा.

"तुझी बोट बुडवल्याशिवाय मी कसला मरतोय!"

त्याची बायको कालिरोई कधीमधी त्याचं जेवण घेऊन यायची. तिला मात्र तो माझ्या जवळपास फिरकू द्यायचा नाही. "मागे हो, कालिरोई! ताणलेला दोर तुटला ना, की माणूस कापून जातो!"

"घरी कधी एवढ्या काळजीने हाक मारली नाहीस," ती म्हणायची आणि मागे सरायची.

मग एका हिवाळ्यात त्याची छाती कफाने भरली. आमच्याच बोटीने तो अथेन्सच्या इस्पितळात गेला. तो नव्हता तेव्हा समुद्र निवांत होता, त्यामुळे आमचाच एखादा खलाशी धक्क्यावर उडी मारायचा आणि वेळ भागायची. सिदेरिस परत आला तोही आमच्याच बोटीने. पण पेटीतून. संत्र्यांच्या खोक्यांमध्ये त्याची पेटी ठेवली होती आणि शेजारी मासळीच्या रिकाम्या खोक्यावर कालिरोई बसली होती.

त्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला. हा वारा आला की आफ्रिकेची लाल धूळ घेऊन येतो. भरदुपारी सूर्य तांब्याच्या पैशासारखा झाला. धक्का दिसेना, गाव दिसेना, पाणीसुद्धा गंजलेलं वाटायला लागलं. अशा वाऱ्यात उडी मारणं म्हणजे मरणच.

"आज आर्मिरो नाही," कॅप्टन म्हणाला. "धक्क्यावर दोर धरायला आहे कोण? जो होता तो खाली पेटीत आहे."

कालिरोई जिना चढून वर आली. "कॅप्टनसाहेब, कबर खणून ठेवलीय. पाद्रीबाबा थांबलेत. ह्याला घेऊन मी कुठे कुठे फिरू हो?"

दियामांतिसने टोपी काढली, परत घातली. "एकदा टाकून तर बघू, कॅप्टन. धरला कुणी तर धरला."

दोरी धुळीत भिरकावली आणि दिसेनाशी झाली. मीही मागोमाग पाण्यात पडलो. क्षणभर काहीच झालं नाही. मग मला कुणीतरी ओढलं.

मित्रांनो, दोराला शहारे येत नाहीत म्हणतात. मला आले. माझ्या पेडांत एक वाकडी करंगळी रुतली होती. हात गार होते, तळाच्या पाण्याइतके गार. मला वर घेतलं, माझा फास खुंट्यावर बसला आणि त्यावर टाच वाजली. ठक ठक.

बोट टेकली. दियामांतिस दरवाज्यावरून धावत खाली आला. "शाबास रे गड्या! कोण आहे तो?"

धुळीतून माथियोस आला. हा बेटाचा सरपंच, आणि ज्याच्यामागे मी पडलोय ते कॉफीचं दुकानही त्याचंच. "तुमचाच खलाशी ना? बोट लागायच्या आधीच उतरला की! धाडसी आहे पठ्ठ्या."

"आमचा कुठला? आमचे सगळे वर आहेत."

"मग आमचे सगळे दुकानात आहेत. दार लावून बसलेत."

दोघांनी छातीवर क्रूस काढला. मग ते दोघं आणि चार खलाशी मिळून सिदेरिसला त्याच्याच धक्क्यावर उतरवायला लागले. पेटी उचलताना कुणी कुणाकडे बघितलं नाही.

पुढच्या खेपेला आभाळ लख्ख होतं. दुकानाबाहेर बाकांवर बरीच मंडळी बसली होती. आमच्या एका खलाशाने उडी मारायची तयारी केली होती, पण त्याआधीच बारीक दोरी हवेतल्या हवेत थांबली, ताणली गेली आणि मी सरसर धक्क्यावर चढलो. भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. खुंट्यापाशी माणूस नव्हता. माझा फास उचलला गेला, खुंट्यावर बसला. ठक ठक.

बाकांवरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि आपापल्या कॉफीच्या कपात बघायला लागले.

तीच तिथली रीत झाली. बोट वळसा घेऊन बंदरात शिरली की गप्पा बंद. सगळे कपात बघणार. टाच वाजली की परत बोलायला सुरुवात, कांद्याच्या भावापासून. आमचे खलाशीही आकाशाकडे बघून दोरी टाकायला शिकले. चाळीस दिवस झाल्यावर चर्चमध्ये उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटला, साखर पेरून, वर डाळिंबाचे दाणे घालून. आत्मा चाळीस दिवस रेंगाळतो आणि मग जातो, असं इथे मानतात. सगळे म्हणाले, आता जाईल.

तो गेला नाही.

"सिदेरिसकाकाला आता मोकळं करायला पाहिजे," एकदा कुणीतरी हळूच म्हणालं. "कुणीतरी त्याच्या जागी उभं राहायला पाहिजे."

"राहा की मग!" माथियोस म्हणाला. "बोट येणार तेव्हा पावसात, गारठ्यात, जेवणावरून उठून तू जाणार का? माझी तर कंबर गेलीय. अरे, चाललंय ना? मग चालू दे. कंपनीला कळलं की इथे दोर धरायला माणूस नाही, तर बोटच यायची बंद होईल. मग बस शेळ्यांशी गप्पा मारत."

"आणि मेलेल्याच्या हातातलं काम घ्यायचं म्हणजे..." दुसरा म्हणाला आणि त्याने छातीवर क्रूस काढला.

त्यांना बोलायला काय जातंय? त्या हातांत मी होतो. दर खेपेला ते हात आणखी गार, आणखी थकलेले लागायचे. ओढता ओढता तो थांबायचा आणि मला त्याचा खोकला जाणवायचा. आवाज नव्हे, नुसते धक्के, एका पेडातून दुसऱ्या पेडात. माणूस मरून मातीत गेला तरी त्याची छाती बरी झाली नव्हती. मला इतकं वाईट वाटायचं की काय सांगू! पण दोराने बोलायचं कुणाशी?

कालिरोईला यातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा गेलेली बाई धक्क्यावर येत नाही, ती वर डोंगरावरच्या घरात काळे कपडे घालून बसलेली. आणि तिला सांगायची छाती कुणाची नव्हती. पण एक दिवस तिच्या बहिणीने बोटीतून पिठाचं पोतं पाठवलं, म्हणून ती खाली आली. तिने दोरी थांबलेली बघितली, मला चढताना बघितलं. बाकांवरच्या खाली घातलेल्या माना बघितल्या. आणि मग तिने टाच ऐकली.

"अरे देवा," ती म्हणाली. "हा सिदेरिस आहे."

बाकांवरचं कुणी मान वर करेना.

"माथियोस, वर बघ! माझा माणूस मेलाय, तरी राबतोय, आणि तुम्ही कॉफी ढोसताय? लाज नाही वाटत? मी रोज त्याच्या कबरीवर दिवा लावते, आणि तो तिथे नाहीच! तो इथे उभा आहे, वाऱ्यात!"

"काकू, आम्ही काय त्याला बोलावलं होतं?"

"जा म्हणून तरी कुणी सांगितलंत? एकाने, एकाने तरी जाऊन त्याच्या हातातलं घेतलंत?" तिने एकेकाचं तोंड बघितलं. "ठीक आहे. मी घेईन."

पुढच्या खेपेला उत्तरेचा वारा होता आणि पाणी उसळत होतं. खुंट्यापाशी कालिरोई उभी, डोक्याला काळा रुमाल घट्ट बांधून. दियामांतिसने वरून दोन्ही हात हलवले. "काकू, बाजूला व्हा! चिरडून जाल!"

"तू टाक दोरी!"

त्याने टाकली. कालिरोईने झडप घातली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एकाच वेळी दोघांच्या हातांत सापडलो. एक जोडी गरम. दुसरी गार. आणि त्या गार हातांनी मला असा हिसडा दिला की कालिरोई गुडघ्यावर पडली. तो तिला हाकलत होता, मित्रांनो. मागे हो, म्हणत होता. तिला इजा होऊ नये म्हणून तो मला तिच्या हातून ओढून घेत होता, आणि ती सोडत नव्हती. बोट वाऱ्याने तिरकी व्हायला लागली.

"सोड, सिदेरिस," ती म्हणाली. तिचे तळवे सोलून निघाले होते. "सोड रे. पुष्कळ ओढलंस. मी आहे ना आता."

तो सोडेना.

"माझ्या एकटीच्या भरवशावर नाही जाणार हा," ती मागे वळून ओरडली. "अरे, या ना कुणीतरी!"

बाकावर कप आपटल्याचा आवाज आला. माथियोस उठला होता. चेहरा पांढराफटक, तोंडाने देवाचं नाव. तो आला आणि कालिरोईच्या मागे त्याने मला धरलं. त्या गारव्याने तो किंचाळला, पण त्याने सोडलं नाही. मग त्याच्यामागे दुसरा आला, मग तिसरा. अख्खा बाक रिकामा झाला.

तेव्हा कुठे ती करंगळी सैल झाली. ती वाकडी करंगळी, जी कधी मिटत नव्हती, ती अगदी शेवटी निघाली. कालिरोईला ते कळलं असावं, कारण ती मोठ्याने रडायला लागली.

आणि मित्रांनो, त्याच क्षणी मी एवढा जड झालो की ती सगळी माणसं पुढे फरफटत गेली! बेटावरचे सगळे धडधाकट पुरुष आणि एक बाई, शिव्या घालत, घसरत, धापा टाकत मला वर घेत होते. जे सिदेरिस एकटा करत होता, वर्षानुवर्षं, आणि मेल्यावरही. फास एकदाचा खुंट्यावर बसला तेव्हा कुणालाच उभं राहवेना. टाच वाजली नाही. सगळे ती ऐकायला थांबले होते. ती वाजली नाही.

तेव्हापासून इथे पाळ्या लावल्या आहेत. माथियोसची कंबरही पाळीपुरती बरी होते. माझे पेड झिजले, मला काढून टाकलं, आणि माझ्या जागी नवा दोर आला. माझी तक्रार नाही.

एकच मागणं आहे. तुमच्या घरात, तुमच्या गावात कुणीतरी असं काहीतरी रोज एकट्याने ओढत असेल आणि तुम्ही आपापल्या कपात बघत असाल, तर उठा. त्याचे हात गरम आहेत तोवर जाऊन त्याच्याबरोबर धरा. नंतर ते सोडवणं फार अवघड असतं. मला माहीत आहे, मी त्या हातांत होतो.