बटणांच्या डब्यातली गोळी

मी एक जुनी गोळी आहे. मित्रांनो, पेपरमिंटची नव्हे, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरची.

शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. कुणी म्हणते वाढ, कुणी म्हणते थांब. कॅन्सरच्या पेशीत ‘वाढ, वाढ’ हा निरोप अडकून बसतो, दारावरच्या घंटीवरून कुणी बोटच काढू नये तसा. माझे कण इतके बारीक की ते पेशीत शिरून तो निरोप अडवतात. गाजावाजा नाही. एवढ्या एका कामासाठी माणसांनी आयुष्यं झिजवून मला घडवलं.

आणि मी गेले एका शिंप्याच्या घरी. त्याची मुलगी म्हणाली, “बाबा, ही पित्ताची गोळी. रोज घ्यायची.” कॅन्सर हा शब्द त्या घरात बंद होता. नाव घेतलं की रोग माजतो म्हणे. शुद्ध मूर्खपणा.

माझ्या बहिणी कामाला लागल्या. पण आमच्यात एक खोट आहे. आमच्यामुळे तळहात सोलवटतात. शिंप्याला सुई धरवेना.

“काय गं, पित्त पोटात आणि आग हातात?”

“होतं तसं. घ्या गुपचूप.”

मग तो मुलीसमोर नुसता पाण्याचा घोट घेई आणि मुठीतली गोळी बटणांच्या डब्यात टाकी. मीही तिथेच पडले. त्याचे हात बरे झाले. त्याने नातीला फ्रॉक शिवला. मुलगी खूश, औषध लागू पडलं म्हणून.

पुढच्या तपासणीत गाठ वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा त्याने गोळ्या सोडल्याचं कबूल केलं. घरात पाऊल टाकताच मुलगी बरसली, “गोळ्या बंद केल्यात आणि बोलला नाहीत?”

“पित्तच नाही, तर पित्ताची गोळी कशाला घेऊ?”

“हात सोलतात एवढं सांगितलं असतंत, तर डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला असता.”

“तुला सांगितलं होतं की.”

मग तिने पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. शिंपी मशीनच्या चाकावर हात ठेवून बसून राहिला.

“हे आधी बोलली असतीस, तर हात सोलू दिले असते गं.”

दुसरी औषधं आली, पण उशिरा. शिंपी गेला. मुलीने डब्यातल्या गोळ्या वेचून टाकल्या. मी कोटाच्या बटणाखाली राहून गेले. बटणांना छिद्रं आहेत, ती कुठेतरी टाचली जातील. मला छिद्र नाही. मला कोण विचारतो?

मित्रांनो, औषध जपून ठेवा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी सांगते, माणसाला अंधारात ठेवून औषध देऊ नका. त्याचा रोग आहे, त्याला नाव सांगा. अंधारात पडून राहणं काय असतं, ते मला विचारा.