एक तारखेआधी वाजलेलं गाणं

एकदा सुटलेलं गाणं परत बोलावता येत नाही. इशिताला हे कळलं शनिवारी दुपारी साडेबाराला, आणि तेव्हा तिच्या हातात होते फक्त साडेतीन तास.

"नियम मी तुम्हाला वाचून दाखवला होता की नाही?" फोनच्या स्पीकरवर मुंबईहून प्रज्ञा मॅडम कडाडत होत्या. भारताचा सगळा चमू त्याच सांभाळायच्या. "एक ऑक्टोबरच्या आधी गाणं कुठंही जाहीर वाजलं तर बाद. गाणं बाद म्हणजे देश बाद! आयोजकांनी मला लिंक पाठवलीय. एकसष्ट हजार लोकांनी बघितलंय ते."

इशितानं आईकडे पाहिलं. तिची आई, मनोरमा, फ्रिजला टेकून ओढणीचं टोक चावत उभी होती. पुढे काही विचारायची गरजच उरली नाही.

स्पर्धा काही सोसायटीच्या गॅदरिंगमधली नव्हती. चोवीस देश, प्रत्येकाचं एक पॉप गाणं, गाणारे सगळे अठराच्या आतले आणि नोव्हेंबरात लिस्बनला फायनल. भारतातून सहाशे चौदा गाणी आली होती. त्यातून निवडलं गेलं ते इशितानं अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या फ्लॅटमध्ये, कपड्यांच्या कपाटात गोधड्या कोंबून, घामाघूम होत रेकॉर्ड केलेलं 'पत्ता कुठला लिहू'. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. जन्म अबू धाबीचा, पासपोर्ट भारताचा, आणि सुट्टीत सांगलीला गेलं की चुलत भावंडं ओरडणार, "आली बघा दुबईवाली!" दुबई नाही रे, अबू धाबी, हे सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. आणि आता स्पर्धेच्या साइटवर दोन शब्द शेजारी शेजारी उभे होते: भारत, इशिता. त्या पानाचा स्क्रीनशॉट ती दिवसातून चाळीस वेळा उघडून बघायची. तिला काहीही समजावून सांगायला न लावता कुणीतरी तिचा देश लिहून टाकला होता!

"आई, कुणाला दिलंस?"

"दिलं नाही गं. देवापुढे वाजवलं." आईचा आवाज अगदी तळाला गेला होता. "पहिली गोष्ट देवापुढे ठेवतो ना आपण? बाबांचं पहिलं ऑफर लेटर ठेवलं, तुझी दहावीची मार्कशीट ठेवली. तसा गिरिजाच्या व्हिलातल्या गणपतीपुढे फोन ठेवला आणि प्ले केलं. आवाजसुद्धा बारीक होता."

"मग?"

"मग आरतीला तीस बायका होत्या."

"आई, सीरियसली?"

"अगं, रडल्या सगळ्या ऐकून! गिरिजा म्हणाली, मला पाठव. मी म्हटलं, फक्त तुझ्यासाठी हं."

फक्त तुझ्यासाठी! असं म्हणून दिलेली गोष्ट आपल्या लोकांत जितकी लांब जाते, तितकं जाणं विमानालाही जमणार नाही. गिरिजामावशींकडून गाणं गेलं इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर, तिथून सजावटवाल्यांच्या ग्रुपवर आणि तिथून केरूकडे. केरू दुबईत रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा. गणपतीच्या मखराचा लोखंडी सांगाडा त्यानंच सुट्टीच्या दिवशी येऊन जोडून दिला होता. त्याचं 'केरूची दुबई' नावाचं चॅनेल होतं. त्यानं आपल्या रूमवरच्या आठ गड्यांना नाचवलं, मागे इशिताचं गाणं लावलं, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

"चारच्या आत सगळीकडून काढा," मॅडम म्हणाल्या. "मग मी त्यांच्या हातापाया पडून बघते."

आईनं मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: इशिताचं गाणं कृपया डिलीट करा, पुढे पाठवू नका, पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे. आणि मग जे झालं ते आपल्याच माणसांत होऊ शकतं. कुठलं गाणं ते लोकांना नीट कळावं, म्हणून कुणीतरी सूचनेला गाणंच जोडलं. सूचना महत्त्वाची, म्हणून सगळ्यांनी ती पुढे पाठवली. एक वाजेपर्यंत ती दोहा आणि बहारिनच्या मंडळांत पोचली. 'हे गाणं कोणीही पुढे पाठवू नये', त्याखाली जोडलेले दोन हात, आणि त्याखाली गाणं.

इशिता एकेकीला फोन लावत सुटली.

"मावशी, डिलीट करा ना, प्लीज!"

"करते गं राणी. जेवलीस का? आवाज का असा येतोय तुझा? आणि ते दुसरं कडवं काय गायलीयस गं, आमच्या ह्यांनी तर त्याची रिंगटोन केलीय."

इशितानं फोन उशीवर आपटला. केरूचा नंबर लागतच नव्हता. शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवायला लागतात, असं कुणीतरी सांगितलं. दोन वाजता मायलेकी गाडीत बसल्या. आई एरवी गाडी चालवताना स्तोत्र पुटपुटायची. आज तिला एकही ओळ आठवत नव्हती.

अर्धी वाट झाली आणि परत प्रज्ञा मॅडम.

"व्हिडिओ काढून आता काही उपयोग नाही. मलाच माझ्या मिरजेच्या आत्यानं गाणं पाठवलंय, 'कोणीही पुढे पाठवू नये' म्हणून!" मॅडमना हसावं की रडावं ते कळत नसावं. "एकच वाट आहे. गाणं चोरीला गेलं असेल तर देश बाद होत नाही. फॉर्म पाठवलाय. चोराचं नाव, पत्ता आणि त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करतो अशी सही. चारच्या आत."

फोन बंद झाला.

"केरूचं पूर्ण नाव लागेल," आई रस्त्याकडे बघत म्हणाली.

वर्कशॉपला पोचल्या तेव्हा साडेतीन झाले होते. दारातला सुपरवायझर ओरडला, "यल्ला, जल्दी, पाँच मिनट, बस!" आणि केरू डोळ्यांवरचा काळा मुखवटा कपाळावर सरकवत बाहेर आला. चाळिशीचा, काटकुळा, तोंडभर हसणारा.

"अगं बाय, तुमीच का त्या गान्याच्या ताई! येवढ्या लहान?"

"इंडियाच्या फॉर्मवर तुमचं नाव हवंय," आई घाईनं म्हणाली. इशिताला बोलायला जागाच ठेवली नाही तिनं.

"माझं?" केरूनं हात पँटला पुसले, परत पुसले. "लिवा की! केरू सखाराम भांगरे. थांबा, आयडी देतो, त्यावर इंग्रजीत बरोबर हाय." लॉकरकडे पळत जाऊन त्यानं फोन आणि कार्ड दोन्ही आणलं. "आमच्या म्हातारीला, ठकुबाईला, सांगू का आत्ताच? तिला लय आवडतं तुमचं गानं. टीव्हीवर दिसंल का वो नाव?"

इशिता पाइपांच्या ढिगाशेजारी उभी राहून टाइप करत होती. केरू. सखाराम. भांगरे. सायबर तक्रार म्हणजे काय, ते शाळेत दरवर्षी असेंब्लीत सांगायचे: फोन जप्त, कोठडी, व्हिसा रद्द, परत पाठवणी. मुलं मागे बसून जांभया द्यायची. जांभया देणाऱ्यांत तीही असायची.

तीन एकावन्न.

"पाठव," आई कानाशी कुजबुजली. "स्वतःहून देतोय तो. नंतर तक्रार मागे घेऊ आपण."

"कशी मागे घेणार?"

"मला नाही माहीत, इशू! मला काही नाही माहीत!" आईनं तिचं मनगट घट्ट धरलं. "पण तिथून तुझं नाव जाईल गं. माझ्यामुळे जाईल. मी काय तोंड दाखवू तुला?"

इशिताला वाटलं, दाबून टाकावं. खरंच वाटलं. अंगठा पडद्यापासून केसभर वर होता. लिस्बन, दिवे, पाठीमागे तिरंगा, आणि सांगलीची सगळी भावंडं टीव्हीला नाक लावून बसलेली. नुसतं एकदा दाबायचं!

"काका," तिनं विचारलं, "गाणं तुम्ही चोरलंत?"

केरू आधी हसला. मग दोघींचे चेहरे बघून त्याचं हसू विरलं.

"चोरलं? ग्रुपवर आलं वो ताई. चांगलं वाटलं म्हनून लावलं." त्यानं आईकडे पाहिलं. "चुकलं का काय माझं? पोलिसाचं काय हाय का?" आणि इशिताच्या हातातलं आपलं कार्ड त्यानं हळूच, अगदी माफी मागितल्यासारखं, काढून घेतलं.

इशितानं ते नाव पुसलं. एकेक अक्षर. 'गाणं कोणी जाहीर केलं?' या रकान्यात लिहिलं: आम्हीच. चोरी झालेली नाही. तीन सत्तावन्नला पाठवलं. आईच्या घशातून चिरका आवाज आला. ती गाडीला धरून खाली बसली.

सव्वाचारला साइटवर तेवीस देश होते. इशितानं पान परत उघडलं, परत उघडलं, परत उघडलं. तेवीसच. मग तापलेल्या फुटपाथवर बसून ती अशी रडली, की आतलं ग्राइंडर बंद करून दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

केरू दोन हात अंतर ठेवून उकिडवा बसला. त्याच्या हातात फोन होता.

"काका," ती नाक पुसत म्हणाली, "तुमचा व्हिडिओ डिलीट नका करू. कुठंतरी राहू दे ते गाणं."

"काढून टाकला ताई. मघाशीच," केरू म्हणाला. त्यानं पडदा तिच्यापुढे धरला, नीट दिसावा म्हणून हाताची सावली केली. "ह्ये बघा, काय बी नाही आता. आता कुनी काय म्हननार नाही ना मला?"

"नाही काका," इशिता म्हणाली. "कुणीच काही म्हणणार नाही."