तेरेसिताची उमेदवारी

माझ्या सुनेचे वडील प्रचारफेरीत गेले. भाषण संपवून ट्रकवरून उतरताना छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फिलिपिन्समधल्या त्यांच्या शहराच्या नगराध्यक्षपदाला ते उभे होते. मतदान चार दिवसांवर आलं होतं.

सून म्हणजे लिझेल. माझ्या नकुलची बायको, इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये फिजिकल थेरपिस्ट आहे. बातमी आल्यावर तिने आधी विमानाचं तिकीट काढलं आणि मग खालची खोली झाडायला घेतली. खोली तिच्या आईसाठी, तेरेसितासाठी. आईवडिलांच्या ग्रीन कार्डाची फाइल मंजूर होऊन पडलेली होती. वडीलच म्हणायचे, एकदा निवडणूक होऊन जाऊ दे. आता आईला तिथे एकटीला ठेवायचं नाही, क्रियाकर्म उरकलं की घेऊनच यायचं, असं लिझेलने मनाशी पक्कं केलं. मलाही ते पटलं. त्या खोलीचे पडदे मीच लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र होती. हॉलमध्ये शवपेटी, भोवती फुलं, आणि हाताच्या अंतरावर टेबल मांडून चौघं जण चक्क पत्ते कुटत बसलेले. माझं डोकं सणकलं.

"मयताच्या घरात पत्ते?" मी नकुलला म्हटलं. लिझेलला मराठी शब्द कळले नाहीत, पण सूर बरोबर कळला.

"आई, गेलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नसतं," ती म्हणाली. "रात्रभर कुणीतरी जागं राहायला हवं. म्हणून पत्ते."

मी वरमले. माझे यजमान कुमार गेले तेव्हा फ्युनरल होमवाल्यांनी घड्याळ लावून वेळ दिली होती, आणि आम्हीही ती निमूटपणे पाळली होती.

त्या हॉलमध्ये एकाच रंगाचे शर्ट घातलेली माणसंही होती. ती पक्षाची. उमेदवार गेला तर तिथे पक्षाला दुसरा देता येतो, अगदी मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत. मतपत्रिका छापून झालेल्या असतात, म्हणून नव्या माणसाचं आडनाव तेवढं तेच लागतं. मगबानुआ आडनावाचं घरात उरलं होतं कोण? लिझेलने लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं, पण ती झाली अमेरिकन नागरिक. म्हणजे तेरेसिताच. त्यात आणखी एक मेख होती. परदेशात कायमचं राहायला निघालेल्या माणसाला तिथे उभं राहता येत नाही. तेरेसिताने अर्ज भरला, तर इकडची फाइल सोडायची.

हे असलं मला नवीन नाही. नगरसेवक गेला की तेराव्याच्या आधी त्याच्या बायकोच्या फोटोचे फ्लेक्स लागलेले मी सांगलीत पाहिलेत. बाई डोक्यावर पदर घेऊन हात जोडते, आणि कारभार दीर बघतो. त्या शर्टवाल्यांचा मला मनापासून संताप आला.

"आई, तुम्ही बोला तिच्याशी," लिझेल म्हणाली. "माझं ऐकतच नाहीये. नकुलचे बाबा गेल्यावर तुम्हीही आलातच ना इथे आमच्याकडे? तिला सांगा, हळूहळू सवय होते म्हणून." आणि फोन माझ्या हातात देऊन ती शेजारी बसली.

तेरेसिता पांढऱ्या कपड्यांत होती. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले. मुलांच्या लग्नानंतर आम्ही आज पहिल्यांदाच बोलत होतो, आणि तेही इंग्रजीत, दोघींनाही परक्या असलेल्या भाषेत.

"ही माणसं तुम्हाला भरीला घालताहेत का?" मी विचारलं.

"हो. माझी मुलगीही घालतेय," ती म्हणाली. "दोघांनाही उत्तर आजच हवंय."

उभी हयात डॉक्टरकी केल्यामुळे मला आडवळणाने विचारता येत नाही. "निवडून आलात तर काय कराल?" मी म्हटलं. नवऱ्याचं स्वप्न पुरं करीन, असलं काहीतरी ऐकायची तयारी ठेवली होती.

"मासळी बाजारातलं गटार खणून काढीन," ती म्हणाली. "उतार उलटा काढलाय. भरतीचं पाणी आत शिरतं, बायका गुडघाभर घाणीत बसून मासे विकतात. माझी आईही तिथेच बसायची. नवऱ्याला, रोदेलला, किती वेळा सांगितलं. गटाराला मतं मिळत नाहीत म्हणायचा." ती शवपेटीकडे वळली. "मला त्याचा राग यायचा. अजून येतोय."

ती रडत रडत बोलत होती, पण थांबत नव्हती. कुठल्या इंजिनियरने नकाशा बिघडवला, दुरुस्तीला कोण आडवं आलं, सगळं तिला तोंडपाठ. मी तिला काय सांगायला बसले होते तेच विसरले.

"मग उभ्या राहा," मी म्हणाले.

लिझेलने फोन माझ्या हातातून काढून घेतला. संध्याकाळी नकुल तिला विमानतळावर सोडायला गेला, तेव्हा ती मला न सांगताच निघाली. परत आल्यावर नकुल एवढंच म्हणाला, "यू हॅड वन जॉब, आई." खरं होतं ते.

तेरेसिता निवडून आली, अगदी थोडक्यात. मतमोजणीनंतर लिझेलचा फोन आला. मागे फटाके वाजत होते.

"आईने फाइल सोडली," ती म्हणाली. "आता मी वर्षातून एकदा येणार इथे, पाहुणीसारखी. मला तुमचा खूप राग आलाय."

"राग येणारच गं," मी म्हटलं.

"एक विचारू? नकुलचे बाबा गेल्यावर तुमचं नोव्हाय गावातलं घर विकायला मीच काढलं होतं. मीच तुमचं सामान बांधलं. तेव्हा कुणी तुम्हाला विचारलं असतं, तर आला असतात?"

खोटं बोलणं सोपं होतं. ही पोरगी माझे गुडघे सांभाळते, मला कणकण आली तर सुट्टी टाकते. पोटच्या मुलाइतकाच, कधी कधी त्याच्याहून जास्त, माझा जीव आहे तिच्यावर. पण तिच्या आईला मनातलं बोलायला लावलं होतं मी. आता हिच्याशी कुठल्या तोंडाने खोटं बोलू?

"नाही," मी म्हणाले. "नसते आले."

पलीकडे ती हमसून हमसून रडायला लागली. मग मलाही आवरेना. आवाज ऐकून नकुल दारात येऊन उभा राहिला. काय झालं, काय झालं, विचारत राहिला, आणि आम्हा दोघींपैकी एकीलाही त्याला सांगता येईना.