दारावरची उपाशी बाई

मी एक निळा ड्रेस बोलतोय. घाबरू नका, माझ्या आत कुणी नाही. सगळा घोळ त्यातूनच झाला.

माझा जन्म एका शिवणवालीच्या मशीनवर झाला. माझी मालकीण तेव्हा सव्वीस वर्षांची होती. माप देताना ती पोट आत ओढून उभी राहिली. शिवणवाली हसली, "श्वास घ्या हो बाई, ड्रेसमध्ये जगायचंय ना?" तरी हिने आतलंच माप लिहायला लावलं. म्हणजे मी पहिल्यापासूनच तिच्यापेक्षा बोटभर बारीक. तिने मला तीनदा घातलं. मग मुलगी झाली आणि मी कपाटाच्या तळाशी गेलो.

मुलगी चार वर्षांची झाल्यावर तिने मला बाहेर काढलं आणि डोक्यावरून घालायला लागली. मी खांद्यातच अडकलो. हात वर, तोंड माझ्या आत, अशी ती बराच वेळ उभी होती. तेव्हा ती काय पुटपुटली, ते मी कुणाला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून सोळा तासांचा उपास सुरू झाला. खायचं ते दुपारी बारा ते रात्री आठच्या आत. मला हँगरला लावून तिने स्वयंपाकघराच्या दारावर टांगलं, फ्रिजच्या बरोब्बर समोर.

"अगं, महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ समज," तिची ताई फोनवर म्हणाली. "पहिले पंधरा दिवस तर नुसती चिडचिड वाढते, आणि उतरते नवऱ्यावर."

"हो गं, माझ्या कुठे मोठ्या अपेक्षा आहेत!" ती म्हणाली, माझ्याकडे बघत.

सकाळी दहा ते बारा हे दोन तास मला नको वाटायचे. बोटाला लागलेला लोण्याचा ठिपकासुद्धा ती नळाखाली धुवायची. एकदा घड्याळाकडे बघायची, एकदा माझ्याकडे. खिडकी उघडी असली की माझ्यात वारा भरायचा, छाती फुगायची, बाह्या हलायच्या. मग मलाच वाटायचं, कुणीतरी मला घालून उभं आहे. सव्वीस वर्षांची, बिनचेहऱ्याची. जेवत नाही, म्हणून जाडही होत नाही.

"आई, तू का नाही खात?" एकदा मुलीने विचारलं.

"ह्या बाईसारखं व्हायचंय ना मला. ती जेवू देत नाही," आई गमतीत म्हणून गेली.

मुलगी हसली नाही. तिने मान वर करून मला नीट न्याहाळलं.

त्यानंतर तिचं ताट चकाचक व्हायला लागलं. आई खूश. "बघ, कटकट न करता खाते हल्ली," ती नवऱ्याला म्हणाली. तो म्हणाला, "माझ्यावर गेलीये." खरं मला माहीत होतं. आई बेडरूममध्ये गेली की मुलगी स्टूल ओढायची आणि अर्धा ब्रेड, अंड्याचा तुकडा माझ्या खिशात कोंबायची. कानात सांगावं तसं कुजबुजायची, "खा ना गं. तुझं पोट भरलं की आईला जेवू दे." नंतर नंतर शाळेचा डबाही माझ्याकडेच यायला लागला.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. आता बोलतोय, तेव्हा नाही बोलता आलं.

मग एक दिवस अकराच्या सुमारास शाळेतून फोन आला. मुलगी रांगेत चक्कर येऊन पडली होती. आई धावत जाऊन तिला कडेवर घेऊन आली.

"सकाळी सगळं खाल्लंस ना, बाळा?"

मुलीने माझ्याकडे बोट केलं. "तिला दिलं."

आईने माझ्या खिशात हात घातला. वाळलेले तुकडे, आंबूस वास, मुंग्या. तिचा हात आतच राहिला.

"रोज देते, तरी ती खातच नाही," मुलगी म्हणाली. "म्हणून बारीक आहे का ती?"

साडेअकराही झाले नव्हते. आईने दोन ताटल्या घेतल्या. "तू आधी," मुलगी म्हणाली. आईची नजर घड्याळाकडे गेली, घास हातात थबकला. खोटं कशाला सांगू, थबकला. मग तिने तो खाल्ला. पण मुलीने आपला घास उचलण्याआधी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागावी तसं.

त्याच दिवशी मी दारावरून उतरलो. आता आई रोज सकाळी लेकीशेजारी बसून खाते. वजन इकडचं तिकडे झालेलं नाही. त्यावरून ती स्वतःलाच टोमणे मारते. मुलगी मात्र अजून ताटलीत एक तुकडा ठेवते आणि रिकाम्या दाराकडे बघते. आई विचारत नाही, कुणासाठी. तुकडा उचलते, तिच्यासमोर चावून खाते आणि म्हणते, "हा बघ, मी खाल्ला. मीच."

मी शिवणाच्या डब्याखाली घडी होऊन पडलोय. दोनदा तिने कात्री हातात घेतली, दोनदा ठेवली. अजून थोडी आशा असेल. बाई, तेवढी सोड. कुणाला देऊही नकोस, तिथेही दार असेल, हँगर असेल, भुकेली पोर असेल. फरशी पुसायला कापड लागतंच घरात. चालव कात्री. मी हूं की चूं करणार नाही.