अंगणाखालची फरशी

विटोमिरने बूट काढून कठड्याशी जोडीने नीट ठेवले होते, आणि नुसत्या मोज्यांवर तो खाली, उत्खननात निघालेल्या रोमन राजवाड्याच्या उघड्या विटांवर उभा होता.

"अर्धा तास झाला, मावशी," राखणदार मिता म्हणाला. "वर या म्हटलं, तर मलाच विचारतात, माझ्या घरात तू कोण?"

"तिकीट मागितलंस की काय त्याच्याकडे?"

"तिकीट कसलं! आठवड्यात तिसऱ्यांदा आलेत. आता इथले सम्राट तेच."

देसांका हसली नाही. मिताचा फोन आला तशी शिजता घेवडा शेगडीवरून उतरवून, डोक्याला काळा रुमाल बांधून ती निघाली होती. सावा नदीवरचं धुकं सकाळपासून हललं नव्हतं. अवशेषांवर घातलेल्या मोठ्या छपराखाली तर बाहेरपेक्षाही जास्त गारठा होता. ती लोखंडी जिन्याने जपून खाली उतरली.

या विटांच्या वर, पुरुषभर मातीवर, चोपन्न वर्षांपूर्वी तिच्या बापाचं घर होतं. चुना भिजवायला म्हणून बापाने अंगणात खड्डा घेतला आणि फावडं खणकन वाजलं. खाली रंगीत खड्यांची फरशी. बापाने त्याच दिवशी खड्डा बुजवला. "कुणी तोंड उघडलंत तर याद राखा," म्हणाला. महिन्याभरात सरकारी माणसं आली आणि नेमकी त्या खड्ड्यापाशी येऊन उभी राहिली. दोन वर्षांत घर पाडलं. बदल्यात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. झाड नाही, कोंबडी नाही. बाप त्या खोल्यांत बोलायचाच थांबला.

शेजारच्या पंताने कुंपणावरून पाहिलं असणार, त्यानेच चुगली केली, हे बापाने माणसं आली त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. पंताच्या मुलाशी, लाझारशी, देसांकाची सोयरीक ठरली होती. द्राक्षं उतरली की लग्न. बापाने अंगठी स्वतः नेऊन पंताच्या पायरीवर ठेवली. देसांका चुलीपाशी उभी होती. ती एका शब्दानेही आडवी आली नाही. लाझार पुढे नोव्ही साद शहरात गेला, संसाराला लागला. तिचं मात्र राहिलं ते राहिलंच. दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या खांबावर चिकटवलेला त्याच्या निधनाचा कागद तिने वाचला, भाजीची पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा एकदा वाचला.

अंगठी परत गेली त्याच आठवड्यात तिच्या थोरल्या भावाने, विटोमिरने, जर्मनी गाठली. नाताळला कॉफी धाडायचा, चॉकलेटं धाडायचा. बापाच्या मातीला मात्र आला नाही. यंदा वसंतात परतला तो एक सूटकेस आणि उसवलेलं डोकं घेऊन.

"दादा, पाय गारठतील. जेवायला चल."

तो वळला. तिच्या काळ्या रुमालाकडे बघत राहिला. आई शेवटपर्यंत असाच रुमाल बांधायची.

"आई," तो म्हणाला, "मी बूट बाहेरच काढलेत गं."

त्याची चूक दुरुस्त करत बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"बघितले मी," ती म्हणाली.

"बाबा आहेत?"

"नाहीत."

तो अगदी जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मग तुला सांगतो. पंताकाकांनी नाही सांगितलं."

देसांकाने त्याच्याकडे पाहिलं.

"मीच गेलो होतो सरकारी माणसांकडे. एक निळा खडा खिशात घालून नेला. ते म्हणाले, शाब्बास, कुठे सापडला दाखव. मी दाखवलं. वाटलं, पेपरात आपलं नाव छापून येईल. घर पाडतील हे काय ठाऊक मला?"

छपरावरून कुठेतरी पाणी ठिबकत होतं. देसांकाने शेजारच्या भिंतीला हात टेकला. वीट मऊ पडली होती, तिचा लाल चुरा तळव्याला लागला.

"बाबांना का नाही बोललास?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"सोलून काढलं असतं त्यांनी. मग अंगठी परत गेली ना, त्या दिवशी सांगणार होतो. पंताकाकांच्या दारापर्यंत गेलोही होतो. लाझार अंगणात पिंपं धूत होता, द्राक्षांची. माझ्याकडे बघून म्हणाला, ये की. मी तसाच स्टेशनवर गेलो."

तिने तळव्याचा लाल चुरा एप्रनला पुसला. पिंपं धूत होता. म्हणजे अंगठी पायरीवर आल्यानंतरसुद्धा लग्नाच्या वाइनसाठी धूत होता.

"मारशील?" विटोमिरने विचारलं. त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस खांदे आवळून उभा होता.

"नाही."

"देसांकाला सांगू नकोस हं."

वरून मिताने हाक दिली, "मावशी, हात द्यायला येऊ का?" तिने मान वर केली नाही. ती भावाच्या तोंडाकडे पाहत होती. त्याच्या हनुवटीवर सकाळच्या दाढीत राहून गेलेले पांढरे केस होते. डोळे मात्र एकोणीस वर्षांच्या पोराचे होते, आणि ते उत्तराची वाट बघत होते.

"नाही सांगत," देसांका म्हणाली.

त्याने मोठा श्वास सोडला आणि तिच्या एप्रनचं टोक मुठीत धरलं. तिने ते सोडवून घेतलं नाही. पण जिन्याकडेही ती वळली नाही.