म्हशीमार्फत

दत्तोबानं चायनीजच्या गाडीवरचा व्हिनेगरचा कॅन उचलून बगलेत मारला.

“अहो काका, नूडल्स तरी घ्या सोबत,” गाडीवाला मेहबूब म्हणाला.

“म्हैस मराय लागलीय. आणखी हाय का?”

मेहबूबनं झारा ठेवला. मिरच्या मुरत घातलेल्या बाटल्याही पिशवीत कोंबल्या आणि मोटारसायकलला किक मारली. मागं कॅन कवटाळून बसलेल्या दत्तोबाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. चंद्री गेली तर घरात बोलायला कुणी उरणार नव्हतं.

गोठ्यात चंद्री पाय झाडत पडली होती. पोट नगाऱ्यासारखं, तोंडाला फेस. गुरांचे डॉक्टर खडकीत अडकलेले. फोनवर म्हणाले होते, “युरिया जास्त झालाय. व्हिनेगर आणि भरपूर गार पाणी पाजा. माझी वाट पाहू नका.”

वैरण कसदार व्हावी म्हणून युरिया त्यांनीच सांगितलेला. वाळल्या वैरणीवर गुळाच्या पाण्यातून, मापानं, दिवसातून एकदाच. पण धाकट्या लेकीच्या, श्यामलाच्या लग्नात भांडण झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, दत्तोबा आणि त्याची बायको तुळजाबाई एकमेकांशी बोलत नव्हते. सांगायचं ते म्हशीला सांगायचे. दुसऱ्यानं ऐकून घ्यायचं. सकाळी दत्तोबानं रीतसर सांगितलंही होतं, “चंद्रे, तुझा युरिया मी घातलाय बरं का.” तुळजाबाई तेव्हा नळावर होती. आल्यावर तिनंही घातला. म्हशीनं निरोप दिला नाही.

“मान धर!” दत्तोबा ओरडला.

तुळजाबाईनं वळून मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

“तुलाच म्हणतोय!”

“धरलीय की! तुम्ही हळू वता, ठसका लागंल तिला.”

“बादली कुठाय?”

“मोरीत. दोन वर्षं तिथंच हाय.”

मिरच्या वेचायला वेळ नव्हता. गोठाभर चायनीजचा वास सुटला.

तासाभरानं चंद्रीनं लांबलचक ढेकर दिला. मग धडपडत उठली आणि मेहबूबच्या चपलेवर शेण टाकलं. मेहबूबनं ते शुभ मानलं आणि रिकामा कॅन घेऊन गेला.

दोघंच उरली. दत्तोबाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

“तुळजे,” तो म्हणाला. मग बाह्या पिळू लागला.

तुळजाबाई पदरानं म्हशीचं तोंड पुसत होती. ते केव्हाच कोरडं झालं होतं, तरी पुसत राहिली. शेवटी म्हशीच्या कानाशी वाकली.

“चंद्रे, त्यांना म्हणावं, च्या टाकते.”

दत्तोबानं पिळलेल्या बाह्या झटकल्या. मग तोही म्हशीकडं वळला.

“सांग तिला,” तो म्हणाला, “साखर कमी.”